१६४ व्या जागेवरील मोर्तब

चैत्र-वैशाखात दौंड तालुक्याच्या पुरंदरकडील हद्दीवर, खोरच्या शिवारात, अंजिराचा मीठा बहर उतरत असतो, त्या दिवसांत एखाद्या बागेत गेले तर पाटीत न चढलेली, फाजील पिकून तळाशी उकललेली काही फळे झाडाखाली पडलेली दिसतात. दुपारपर्यंत त्यांच्यावर माश्या घोंगावू लागतात, आणि ऊन कलेपर्यंत त्या उकललेल्या गरातून गोडाला किंचित आंबूस झाक असलेला जो वास सुटतो, तो गुऱ्हाळावर राबलेल्या किंवा साखर कारखान्याच्या मळीच्या टाक्यांजवळून गेलेल्या माणसाला ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. तो वास यीस्टच्या कामाचा असतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या या एकपेशीय जीवांच्या नाना जाती फळाच्या सालीवर आणि गरात वस्ती करतात, साखर खातात, आणि वैशाखाचे जे ऊन माणसाला सावलीत पिटाळते त्याच उन्हात, फळाच्या सालीखेरीज दुसरा आडोसा नसताना, आपला वंश टिकवून धरतात. त्या उन्हाने त्यांच्या वंशद्रव्याची जी मोडतोड होते ती ते कशी सुधारतात, आणि सुधारणीचा हुकूम पेशीत नेमका कोणाच्या सहीशिक्क्याने सुटतो, हे कोडे उलगडण्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सुमारे पस्तीस वर्षे खर्ची पडली. त्या पस्तीस वर्षांची हकीकत मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत मनोहर प्रकरणांपैकी एक वाटते.

यीस्टशी मनुष्याचा व्यवहार पुरातन आहे. संस्कृतात ज्याला किण्व म्हणत, आणि उडीद व तांदूळ यांच्यापासून जे सिद्ध करण्याची कृती कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात नमूद करून ठेवली आहे, त्या विरजणात कर्तबगारी होती ती याच कुळातील जीवांची. आणि आज पाटसच्या भीमा सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांतून निघणाऱ्या मळीचा मद्यार्क होतो तोही यांच्याच हातून. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचे जे राष्ट्रीय संग्रहालय चालत आले आहे, त्यात यीस्टचे वाण एखाद्या जुन्या दफ्तरखान्यातील रुमालांसारखे क्रमांकवार जतन केलेले आहेत. पण ज्या वाणाने विज्ञानाला सर्वांत अधिक दिले त्याचे मूळ मात्र एका अंजिरातच सापडते, हे वाचून आपल्याकडील बागाइतदाराला कौतुक वाटावे. १९३८ साली कॅलिफोर्नियातील मर्सेड गावाजवळ एमिल म्राक यांनी एका सडलेल्या अंजिरातून यीस्टचा एक वाण वेगळा केला. तो पुढे कार्ल लिंडेग्रेन यांच्या संकरांतून आणि बर्कलीच्या रॉबर्ट मॉर्टिमर यांच्या हातून ‘एस २८८ सी’ या नावाने प्रयोगशाळांत स्थिरावला, आणि १९९६ मध्ये पेशीकेंद्रक असलेल्या सजीवांपैकी ज्याचा संपूर्ण जनुकसंच सर्वांत प्रथम वाचून झाला, सोळा गुणसूत्रे आणि सुमारे सहा हजार जनुके यांसह, तो हाच अंजिराचा वंशज होय.

आता उन्हाकडे वळू. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण डीएनएच्या साखळीवर पडले म्हणजे शेजारी शेजारी असलेली थायमिनची दोन एकके एकमेकांना चिकटून त्यांची जोडगाठ बसते. हा प्रकार १९६० साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे ब्यूकर्स आणि बेरेंड्स यांनी गोठवलेल्या थायमिनच्या द्रावणावर दाखवून दिला. गाठ क्षुल्लक दिसते, पण पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची नक्कल करीत धावणारे जे विकर असते ते त्या गाठीपाशी येऊन उभे राहते. रुळाचा सांधा उखडलेला पाहून गाडी थांबावी तसे. अशा गाठी सोडवण्याचे निसर्गाचे उपाय अनेक आहेत. एक तर खुद्द प्रकाशाच्या बळावर गाठ सोडवणारे विकर, ज्याचा सुगावा आल्बर्ट केल्नर यांना १९४९ मध्ये लागला. ते यीस्टमध्ये आहे, मनुष्यात नाही. म्हणून यीस्टवर अतिनील दिवा धरून प्रयोग करणाऱ्याला पुढची सारी हालचाल अंधारात किंवा पिवळसर मंद उजेडात करावी लागते. साध्या खिडकीचा उजेड आत शिरला तरी मेलेल्यांतले काही जगून उठतात आणि गणती फसते. दुसरा उपाय म्हणजे गाठीचा तुकडाच कापून काढून तेथे नवा भरणे. आणि तिसरा, ज्याची ही हकीकत आहे, तो असा की गाठ आहे तशी राहू देऊन नक्कल कशीबशी पुढे नेणे.

१९६७ मध्ये जपानात नाकाई आणि मात्सुमोतो यांनी, आणि १९६८ मध्ये इंग्लंडात ब्रायन कॉक्स आणि जेम्स पॅरी यांनी, किरणांना सहज बळी पडणाऱ्या यीस्टच्या दुबळ्या वाणांचा शोध आरंभला. अशा शोधाची रीत मोठी साधी आणि तितकीच चिकाटीची असते. काचेच्या बशीत आगरवर यीस्टच्या शेकडो वसाहती वाढवायच्या, लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवलेल्या निर्जंतुक मखमलीवर ती बशी हलकेच दाबायची, मखमलीच्या लवेला चिकटलेल्या पेशींचा ठसा आणखी दोन बशांवर उमटवायचा, आणि त्यांतल्या एकीला अतिनील दिव्याखाली ठेवून दुसरीला तशीच झाकून ठेवायची. दोन दिवसांनी दोन्ही बशा शेजारी ठेवून पाहिले म्हणजे पहिलीत जेथे ठिपका नाही आणि दुसरीत आहे, तेथे दुरुस्तीचे एखादे जनुक बिघडलेला वाण हाती लागतो. शेकडो बशांतून, हजारो ठिपक्यांतून, डोळ्याला ताण देत केलेल्या या मोजणीतून जी जनुके पुढे आली, त्यांना १९७० नंतर ‘रॅड’ हे कुलनाम आणि एकेक क्रमांक देण्यात आला.

क्रमांक देऊन भागत नाही. कोण कोणाच्या हाताखाली काम करतो ते कळावे लागते. जॉन गेम आणि ब्रायन कॉक्स यांनी १९७२-७३ च्या सुमारास त्यासाठी जी युक्ती योजली ती आपल्याकडील पाण्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. खडकवासल्याहून येणाऱ्या एकाच कालव्याला वर एक आणि खाली एक अशी दोन भगदाडे पडली, तर खालच्या भगदाडाने शेताचे नुकसान वाढत नाही, कारण पाणी वरच्यावरच गेलेले असते. पण शेताला कालवा आणि विहीर असे दोन स्वतंत्र आधार असतील आणि दोन्ही तुटतील, तर पीक हमखास करपते. दोन जनुके एकाच यीस्टमध्ये बिघडवून पाहावीत. दुबळेपणा एकापेक्षा अधिक वाढला नाही तर ती दोन्ही एकाच कालव्यावरची, आणि फार वाढला तर निरनिराळ्या पाण्यावरची. या कसोटीने रॅड जनुकांचे तीन गट पडले. तीन क्रमांकाच्या जनुकाचा गट गाठ कापून काढणाऱ्यांचा, बावन्न क्रमांकाचा गट तुटलेली साखळी सांधणाऱ्यांचा, आणि सहा क्रमांकाचा गट कसला, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

रॅड ६ हे जनुक ज्यात बिघडले तो वाण सर्वच बाजूंनी खचलेला असे. अतिनील किरणांना, क्ष-किरणांना, डीएनएला डसणाऱ्या रसायनांना तो सारखाच बळी पडे. वाढे तो मंद, आणि त्याला बीजाणूही धरत नसत. आणि याहून चमत्कारिक गोष्ट अशी की किरणांच्या माऱ्यानंतर साध्या यीस्टमध्ये जी नवी उत्परिवर्तने उद्भवतात ती या वाणात उद्भवतच नसत. म्हणजे दुरुस्ती करणे आणि दुरुस्तीच्या भरात चुका करणे या दोन्ही गोष्टी त्याच एका जनुकाच्या हुकुमतीखाली होत्या. १९८५ मध्ये सत्या प्रकाश आणि लुईस प्रकाश या दांपत्याच्या प्रयोगशाळेतून या जनुकाची अक्षरमाला प्रसिद्ध झाली: १७२ ॲमिनो आम्लांचे चिमुकले प्रथिन, आणि त्याच्या शेपटाकडे सलग तेरा ॲस्पार्टिक आम्लांची रांग. अक्षरे मिळाली, अर्थ मिळाला नाही.

अर्थ आला तो निराळ्याच खात्यातून. पेशीत जवळजवळ सर्वत्र सापडते म्हणून ‘युबिक्विटिन’ असे लॅटिन वळणाचे नाव पावलेले ७६ ॲमिनो आम्लांचे एक प्रथिन १९७५ पासून ज्ञात होते; यीस्टचे युबिक्विटिन आणि माणसाचे युबिक्विटिन यांत अवघ्या तीन आम्लांचा फरक आहे, आणि अब्जावधी वर्षांत इतके थोडे बदललेले प्रथिन विरळा. इस्रायलमधील अव्राम हर्श्को आणि आरॉन चेखानोव्हर यांनी अमेरिकेतील अर्विन रोझ यांच्या साह्याने १९८० च्या आसपास दाखवले की हे प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला डकवले जाते, आणि ज्याला ते डकवले जाते त्याची पेशी विल्हेवाट लावते. या कार्याला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. डकवण्याचे काम तीन हातांतून जाते: पहिला शिक्क्याला शाई लावतो, दुसरा तो वाहून नेतो, आणि तिसरा कोणत्या कागदावर उमटवायचा ते दाखवतो. १९८७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये अलेक्झांडर व्हार्शाव्हस्की यांच्या प्रयोगशाळेत स्टेफान जेंट्श यांनी यीस्टमधून दुसऱ्या हाताची काही विकरे शुद्ध करून त्यांची अक्षरे जुळवून पाहिली, तेव्हा त्यांतले एक ओळखीचे निघाले. ते रॅड ६ होते.

या शोधाने जितका प्रकाश पडला तितकाच घोटाळाही वाढला, आणि हा पंधरा वर्षांचा घोटाळा मला या इतिहासाचा गाभा वाटतो. युबिक्विटिन म्हणजे मृत्युदंडाचा शिक्का, अशी तेव्हाची दृढ समजूत. मग दुरुस्तीच्या खात्यात हा शिक्का कशाला? कोणत्या प्रथिनाचा काटा काढल्याने डीएनए सुधारतो? दुरुस्तीला आड येणारे एखादे प्रथिन शिक्का मारून नाहीसे केले जात असावे, हा तर्क साहजिक होता. रॅड ६ चा हात प्रत्यक्षात अनेक खात्यांत वावरत होता, हेही क्रमाक्रमाने उघडकीस आले. यूबीआर १ नावाच्या सहकाऱ्याबरोबर तो खरोखरच प्रथिनांच्या नाशाची फर्माने काढी. २००० मध्ये मेरी ॲन ऑस्ली यांच्या गटाने सिद्ध केले की डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांतल्या एकावर, १२३ व्या जागेवरील लायसिन या ॲमिनो आम्लावर, तोच शिक्का मारतो. तेव्हा दुरुस्तीचे रहस्य हिस्टोनमध्येच असावे असे क्षणभर वाटून गेले. पण १९९४ मध्येच प्रकाश दांपत्याच्या गटाने रॅड ६ चा पक्का जोडीदार रॅड १८ दाखवून दिला होता, आणि रॅड १८ ची बैठक उघड्या पडलेल्या एकेरी डीएनएवर असते, म्हणजे जेथे नक्कल अडली असेल नेमक्या त्या जागी.

दुसरा धागा शिक्क्याच्या आकृतीचा. युबिक्विटिन एकावर एक जोडले जाऊन त्यांची साखळीही होते, आणि ती साखळी कोणत्या लायसिनपाशी जोडली आहे यावर तिचा अर्थ ठरतो. १९८९ मध्ये व्हार्शाव्हस्की यांच्या गटाने मृत्युदंडाची साखळी ४८ व्या लायसिनवर जोडलेली असते हे दाखवले. १९९५ मध्ये डॅनियल फिनली यांच्या गटाने यीस्टच्या युबिक्विटिनमधील ६३ वे लायसिन बदलून टाकले, तर यीस्ट धडधाकट राहिले, प्रथिनांचा नाश यथासांग चालू राहिला, मात्र डीएनएची दुरुस्ती बिघडली. माझ्या मते सबंध प्रकरणातील सर्वांत तीक्ष्ण निरीक्षण हेच. जुन्या दफ्तरात मोर्तबाची आकृती निराळी दिसली की कागद निराळ्या कारखान्याचा हे जाणता कारकून मजकूर न वाचता सांगे, तसे येथे झाले: ६३ च्या साखळीचा शिक्का नाशाचा नव्हता. १९९९ मध्ये सेसिल पिकार्ट यांनी ती साखळी ओवणारी जोडी, एमएमएस २ आणि यूबीसी १३, वेगळी काढली. आणि २००० मध्ये हेले उलरिश आणि जेंट्श यांनी रॅड ५ हे प्रथिन या जोडीला रॅड ६ व रॅड १८ यांच्याशी सांधते हे सिद्ध केले. शिक्का मारणारे सारे हात आता एका ओळीत उभे होते. ज्यावर शिक्का मारायचा तो कागदच तेवढा सापडत नव्हता.

तो सापडला म्युनिकजवळ मार्टिन्सरीड येथे, जेंट्श यांच्या नव्या प्रयोगशाळेत, आणि सापडला तो दुसराच शिक्का शोधताना. ‘सूमो’ हे युबिक्विटिनच्या भावकीतले प्रथिन तेव्हा नुकतेच ज्ञात झाले होते, आणि ते यीस्टमध्ये कोणाकोणाला डकवले जाते याचा तेथे तपास चालू होता. त्यात हाती आले पीसीएनए: नक्कल करणाऱ्या विकराला डीएनएवर घट्ट धरून ठेवणारे, तीन सारख्या घटकांचे, डीएनएभोवती अंगठीसारखे बसलेले प्रथिन. नक्कल चालू असते तेव्हा या अंगठीवर सूमोचा शिक्का असतो. पण संशोधकांनी यीस्टला डीएनएवर घाव घालणाऱ्या रसायनाचा डोस दिला, तेव्हा त्याच अंगठीच्या त्याच १६४ व्या लायसिनवर युबिक्विटिनचा शिक्का उमटलेला दिसला. आणि रॅड ६ किंवा रॅड १८ काढून घेतले की तो उमटेनासा झाला. एमएमएस २, यूबीसी १३ किंवा रॅड ५ काढले की एकटा शिक्का राही, साखळी नाहीशी होई. होगे, फांडर, मोल्दोव्हान, पिरोव्होलाकिस आणि जेंट्श यांनी हे सप्टेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि इंग्लंडातल्या मखमलीवर आरंभलेली यादी चौतीस वर्षांनी आपल्या अर्थाला पोहोचली.

एकाच जागेवर तीन मखलाशा आणि तीनही भिन्न, ही गोष्ट दौंडच्या माणसाला जंक्शनवरून सहज कळेल. मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी कित्येक वर्षे दौंडात थांबे, तिचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडले जाई, आणि मग ती पुढे निघे. अडलेल्या नकलेवर एकटा युबिक्विटिनचा शिक्का उमटला म्हणजे त्याचा अर्थ इंजिन बदला: नेहमीचे नेटके पण हट्टी विकर बाजूला होते आणि त्याच्या जागी ओबडधोबड मार्गावरून जाऊ शकणारे विकर लागते. त्यांतले एक रॅड ३०. प्रकाश दांपत्याच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले की ते थायमिनच्या गाठीसमोर दोन ॲडेनिन बिनचूक बसवून पुढे निघून जाते. ज्यांच्यामुळे चुका होतात ती विकरे रेव्ह जनुकांची. रेव्ह १ आणि रेव्ह ३ यांचे कार्य रॉचेस्टरला ख्रिस्तोफर लॉरेन्स यांच्या गटाने १९९६ मध्ये उघड केले होते. उत्परिवर्तने रॅड ६ वाचून का थांबतात, या जुन्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले: शिक्क्यावाचून पर्यायी इंजिनाला रुळावर यायची परवानगीच नाही. शिक्क्याची ६३ वाली साखळी झाली तर हुकूम निराळा: अडलेला मार्ग सोडा, शेजारी नुकत्याच तयार झालेल्या जुळ्या साखळीवरून मजकूर वाचून घ्या, आणि गाठ ओलांडून परत मूळ मार्गाला या, या वळशात चूक होत नाही. आणि सूमोचा शिक्का काय सांगतो ते २००५ मध्ये जेंट्श आणि उलरिश या दोघांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले: तो एसआरएस २ या विकराला बोलावतो आणि नक्कल चालू असताना साखळ्यांची भलतीच अदलाबदल होऊ देत नाही.

शिक्का वाचतो कोण, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. पर्यायी विकरांच्या अंगातच युबिक्विटिन ओळखणारा एक छोटा भाग सापडला. म्हणजे हुकूम अंगठीवर लिहिलेला आणि तो वाचण्याची विद्या विकराच्या ठायी, असा हा व्यवहार आहे. गाठ ओलांडली गेली की शिक्का पुसावा लागतो, नाहीतर चुका करणारे इंजिन निष्कारण धावत राहील. पुसणारी विकरेही सापडली, यीस्टमध्ये यूबीपी १० हे त्यांतले एक. विकर पेशीत सदैव हजर असले तरी मोर्तब झाल्याखेरीज त्याचा अंमल सुरू होत नाही.

मनुष्याच्या पीसीएनएमध्येही १६४ व्या जागी लायसिनच आहे, मनुष्यातही रॅड ६ ची दोन रूपे आणि रॅड १८ आहे, आणि रॅड ३० चे मानवी रूप ज्यांच्यात जन्मतः निकामी असते त्यांना झेरोडर्मा पिगमेंटोसम या रोगाचा एक प्रकार होतो, हे १९९९ मध्ये हानाओका यांच्या आणि प्रकाश दांपत्याच्या गटांनी दाखवून दिले. अशा माणसांच्या त्वचेवर ऊन लागेल तेथे डाग उठतात आणि पुढे कर्करोग उद्भवतो. सेसिल पिकार्ट २००६ मध्ये गेल्या, स्टेफान जेंट्श २०१६ मध्ये. उसाच्या फडात दिवसभर उघड्यावर कोयता चालवणाऱ्या बाईच्या मनगटावर, बाही जेथे संपते तेथे जी रंगाची रेघ पडलेली असते, तिच्या खालच्या बाजूच्या पेशींत त्या दोघांनी धुंडाळलेला शिक्का आज दुपारीही उमटत आणि पुसला जात असेल. आणि खोरच्या बागेत उकललेल्या अंजिरातही, ऊन कलेपर्यंत.